बेळगावातील एक वृद्ध शुश्रूषा केंद्र : संसर्ग-प्रतिबंधाच्या बाजूने पाहता

मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या आत्यांना बेळगावच्या दक्षिण भागातील एका शुश्रूषा केंद्रात ठेवले आहे. अशा ठिकाणांविषयी लिहिताना लोक जेवणाबद्दल आणि बागेबद्दलच बोलतात. मधुमेह, न भरलेली जखम आणि लघवीची नळी असलेल्या वृद्धेला मात्र सर्वांत मोठे भय संसर्गाचे असते, म्हणून मी कर्मचाऱ्यांच्या हातांकडेच अधिक लक्ष दिले.

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे जे पाच प्रसंग सांगितले आहेत, त्यांतील शेवटचा, म्हणजे रुग्णाला न शिवता केवळ त्याच्या खाटेला किंवा टेबलाला हात लागल्यानंतरचा, बहुतेक ठिकाणी विसरला जातो. येथे प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी सॅनिटायझरची बाटली अडकवलेली असल्याने नुसता खाटेचा कठडा वर करून निघालेली सिस्टरही हात चोळतच पुढे जाते. कोणाला जुलाब होत असतील, तर साबण आणि पाणीच वापरण्याची सक्ती आहे आणि ती योग्यच आहे, कारण अशा जुलाबांना कारण होणाऱ्या काही जंतूंचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. सूचनाफलक कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आहेत. सीमाभागात यावरून वाद घालण्याची हौस अनेकांना असते. पण खानापूरकडच्या मावशींना मराठी आणि गोकाककडच्या सिस्टरांना कन्नड सहज वाचता येते, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

लघवीच्या नळीची काळजी चांगली घेतली जाते. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, परंतु जमिनीला न टेकता लटकलेली असते, ती रिकामी करण्याचे भांडे प्रत्येकाचे वेगळे असते आणि नळीची गरज अजून आहे का, हे डॉक्टर फेरीत रोज विचारतात. नळी जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो, हे येथे सर्वांना पक्के ठाऊक आहे.

मला सर्वाधिक विश्वास वाटला तो खरजेच्या प्रसंगी. नव्याने आलेल्या एका आजोबांना खरूज निघाल्यावर व्यवस्थापनाने ते लपवले नाही. पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागू शकतात, हे सांगून त्यांनी त्या दालनातील सर्व रहिवाशांना आणि मावशींना एकाच वेळी परमेथ्रिनचे मलम लावले, अंगावरचे व अंथरुणातले कपडे गरम पाण्यात धुतले आणि आम्हा नातेवाइकांनाही फोन करून कळवले. बदनामीच्या भीतीने असे गप्प दडपणारेच अधिक असतात.

कचऱ्याचे पिवळे, लाल, पांढरे व निळे डबे नियमाप्रमाणे आहेत.

उणिवा दोन आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. बेळगावच्या पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, हे नवीन नाही; तरीही धुतलेल्या चादरी ज्या बोळात वाळत घालतात, त्याच बोळातून मळलेल्या चादरी उघड्या टोपलीतून नेल्या जातात, आणि काही मावशी त्या खाटेशेजारीच झटकतात. दुसरी उणीव रात्रपाळीची आहे. एकच हातमोजे घालून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाणारी मावशी मी पाहिली. चौकशी केल्यावर कळले की खर्चाच्या भीतीने हातमोज्यांचा खोका रात्री कुलपात ठेवला जात होता, त्यामुळे दोष तिचा फारसा नव्हताच. हातमोजे बदलले नाहीत, तर ते घाणेरड्या हातांपेक्षा काही वेगळे राहत नाहीत. तक्रारीनंतर खोका बाहेर आला. चादरींची वहिवाट मात्र तशीच आहे.

महिन्याचे शुल्क हलके नाही, तरी आत्यांना दुसरीकडे हलवण्याचा विचार मी केलेला नाही. येथे कोणाला ठेवायचे असल्यास अनामत भरण्यापूर्वी परवानगी घेऊन रात्री नऊनंतर एक फेरी मारावी, आणि पावसाळा असेल तर कपडे धुण्याची खोली दाखवण्याचा आग्रह धरावा.