फुटबॉलमध्ये भारी कोण, सात देश फिरलेला स्वीडनचा झ्लाटन का एकाच क्लबचा इटलीचा टॉट्टी?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघून आलं की आमच्यात हा वाद ठरलेलाच, कारण इथं पोरगं पेठेतल्या तालमीकडनं, म्हणजे तिच्या फुटबॉल टीमकडनं, खेळतं आणि सीझनला दुसऱ्या तालमीत गेलं की निम्मी पेठ रुसते.

टॉट्टी 1993 ते 2017 रोमा क्लबातच राहिला, 307 गोल मारले, पण लीग, म्हणजे देशातल्या क्लबांची मुख्य स्पर्धा, एकदाच जिंकली, 2001 ला. शहरानं जीव लावला, हे मान्यच.

तरीबी मी झ्लाटनच्या बाजूनं. स्वीडन, नेदरलँड्स, इटली, स्पेन, फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका, आणि यातल्या चार देशांत लीग जिंकली भावा! प्रत्येक ठिकाणी नवीन कोच, नवीन डिफेन्डर, बॉल पायात पाहिजे का डोक्यावर हे परत पहिल्यापासनं सगळ्यांना समजवायचं, गोल मारणाऱ्या फॉरवर्डला हे लय अवघड असतंय कारण त्याला पास देणारे दुसरेच. 2018 ला अमेरिकेतल्या गॅलेक्सी क्लबाकडनं पहिल्याच मॅचला बदली म्हणून उतरला, टीम मागं, आणि टप्पा पडलेला बॉल एवढ्या लांबनं उचलून मारला की गोलकीपर पुढं आलेला तसाच राहिला, मग हेडर मारून मॅच 4-3. वय 36!

चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, मात्र दोघांनाबी नाही मिळाली. आपल्या पोरांना बाहेरनं बोलावणं आलं तर पेठेनं अडवू नये, जाऊ द्यावं.