बंक बेड की टेबलाचा पलंग?

कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन ठाण्याहून कोकणात जायचं म्हटलं की आमच्या घरी पहिला वाद मुलांच्या झोपण्यावरून. मागे एकावर एक असे कायमचे दोन बंक, की जेवणाचं टेबल खाली करून त्यावर गाद्या?

माझं मत बंकला. लेक १२ वर्षांची, धाकटा ८ चा. त्याचे डोळे साडेआठलाच मिटतात, तिला वाचत पडायचं असतं. बंकमध्ये ज्याचा त्याचा दिवा, ज्याचा त्याचा पडदा. टेबलवाल्या मांडणीत धाकट्याला झोप आली की सगळ्यांनीच उठायचं. ताटं उचला, टेबल उतरवा, गाद्यांचे तुकडे जुळवा, आणि मधली फट नेमकी कमरेखाली येते. बाहेर कोकणातला पाऊस असेल तर मोठ्यांनी बसायचं कुठे?

पण बंकला टेप लावून बघाच. साडेपाच फुटी बंक लेकीला लवकरच अपुरा पडेल, ६ फूट हवाच. वरच्याला भक्कम कठडा हवा. गाडी चालू असताना बंकवर कुणालाही झोपू देऊ नका, अगदी पहाटे निघालात तरी. म्हणून सीटबेल्टची आसनं मोजा. बंकांपायी ती चाराच्या खाली जात असतील, तर मुकाट्याने टेबलवाली गाडी घ्या.