परदेशी ऑनलाइन की पुण्याचा कॉन्टॅक्ट क्लास? सोलापुरात राहून थिऑलॉजी (ख्रिस्ती धर्मशास्त्र) शिकणाऱ्यांसाठी

नोकरी सोडायची नाही, घर सोलापुरातच, आणि मंडळीत अधूनमधून संदेश द्यायची वेळ येते म्हणून एकदा नीट शिकून घ्यावं असं वाटतंय. अशा माणसापुढे माझ्या मते दोनच जमण्यासारख्या वाटा आहेत. एक म्हणजे परदेशी सेमिनरीचा, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशास्त्र महाविद्यालयाचा, ऑनलाइन एम.ए., दुसरी म्हणजे पुण्यातल्या एखाद्या सेमिनरीचा असा अभ्यासक्रम, ज्यात अभ्यास घरी आणि वर्गाला अधूनमधून शनिवारी जायचं. मी पहिल्यात काही काळ होतो, दुसरा पुरा केला. आमच्या तरुण संघातली मुलं सारखी विचारतात म्हणून लिहितोय. फी, क्रेडिट, मान्यता वगैरे माहितीपत्रकात असतंच, त्यात शिरत नाही.

ऑनलाइनची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. निबंध पाठवला की समासात शेरे होऊन परत येतो, आणि शेरेही वाचून केलेले. ग्रंथालय रात्री अकरालाही उघडं. वर्गात मनिलाचा एक पाळक होता, त्याची अर्धी मंडळी कामाला आखातात. रविवारची उपासना तो दोन ठिकाणच्या वेळा सांभाळून मोबाइलवर घेतो. नैरोबीची एक नर्स होती. ‘दान द्या, कर्ज फिटेल’ छापाच्या टीव्हीवरच्या संदेशांनी तिच्या वस्तीत काय केलंय, हे तिने लिहिलं आणि मी चाट पडलो. तेच संदेश हिंदीत डब होऊन आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. जागतिकीकरणाचा ख्रिस्ती माणसावर काय परिणाम होतो, हे पुस्तकापेक्षा या दोघांनी मला जास्त शिकवलं. पुण्यात हे मिळत नाही. तिथे आपण सगळे नगर, सोलापूर, जालना, फार तर विदर्भ.

मग सोडलं का? एका फॉर्मपायी.

मिशनशास्त्राच्या, म्हणजे धर्मप्रसाराच्या अभ्यासाच्या, पेपरात प्रात्यक्षिक होतं. पोर्टलवर दोन रकाने: पाठवणारी मंडळी कुठली, आणि कार्यक्षेत्र कुठलं. मी दोन्हीकडे सोलापूर लिहिलं. लाल अक्षरं आली, दोन्ही ठिकाणं वेगळी हवीत. समन्वयकबाईंना मेल केला. फार गोड उत्तर आलं, की कृपया दुसऱ्या संस्कृतीतलं क्षेत्र निवडा. आता यांना काय सांगणार? आमच्या गल्लीत मराठी, पलीकडे विणकरांची तेलुगू, बाजारात कानडी आणि दुकानात दखनी. दुसरी संस्कृती शोधायला मला रिक्षासुद्धा लागत नाही. शेवटी कार्यक्षेत्रात कुर्डुवाडी टाकलं. फॉर्म लगेच पुढे सरकला.

एवढ्याशा गोष्टीचा राग का यावा, असं बायकोही म्हणाली. पण आदल्याच आठवड्यात त्याच पेपरात आम्ही भारतीय ख्रिस्ती नेते व्ही. एस. अझरय्यांना वाचलं होतं. 1910 च्या एडिनबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत या तमिळ माणसाने मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही त्याग पुष्कळ केला, आता आम्हाला मित्र द्या. त्याच्या पाच वर्षं आधी, 1905 च्या नाताळच्या दिवशी, सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी उभी राहिली, त्यातही ते होते. भारतातली माणसं, भारतातला पैसा. व्याख्यानात प्राध्यापक तळमळीने सांगत होते की आज जगातले बहुसंख्य ख्रिस्ती आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत आहेत, गुरुत्वमध्य सरकलाय. ते त्यांच्या फॉर्मला कुणी कळवलं नव्हतं. पाठवणारे एकीकडे, ज्यांच्याकडे पाठवायचं ते दुसरीकडे, आणि मी कायम दुसऱ्या रकान्यात. वर्गमित्रही सालस माणसं, पण मी सोलापूरबद्दल काही लिहिलं की खाली ‘तुमच्या मिशन फील्डसाठी प्रार्थना करतो’ असं येणारच. अमेरिकन मराठी मिशनची माणसं एकोणिसाव्या शतकातच इथे आली. माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा मंडळीच्या रजिस्टरात आहे.

पुण्याच्या अडचणीही कमी नाहीत. झेरॉक्स नोट्सचं पान गायब असतं. पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेस पकडून जावं तर सरांचा वर्ग रद्द झालेला. परीक्षा हाताने तीन तास लिहायची, मोबाइलवर टाइप करायची सवय झालेल्यांची बोटं रडतात. मराठीत नवी पुस्तकं तोकडी, बरीचशी जुनी भाषांतरं. आणि जागतिक घडामोडींचं म्हणाल तर स्थलांतर, आखातातल्या मंडळ्या हे विषय एका तासात उरकतात.

पण शिकवताना सुरुवात इथून होते. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सुटलं की खिडकीतून केडगावची पाटी दिसते. ऑनलाइनच्या इतिहासात पेंटेकॉस्टल चळवळ (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारा ख्रिस्ती प्रवाह) लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर 1906 साली सुरू होते, आणि याच केडगावातल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधलं 1905 चं जागरण, म्हणजे श्रद्धेची नवी लाट, तळटीपेत. पुण्यात सरांनी उलट बाजूने लावून दिलं. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी त्या जागरणावर पुस्तिका लिहिली. ती चिलीतल्या वालपराइसोला त्यांच्या जुन्या मैत्रिणीच्या घरी, हूवर दांपत्याकडे पोचली, आणि 1909 मध्ये तिथल्या मेथडिस्ट मंडळीत जागरण झालं. चिलीतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांची कहाणी सांगताना केडगाव टाळता येत नाही. अब्राम्सबाई स्वतः अमेरिकन होत्या हे खरं, तेव्हा सगळं श्रेय आपलंच म्हणून छाती फुगवायचं कारण नाही. तरी दिशा बघा: दौंडजवळच्या गावातून दक्षिण अमेरिकेकडे.

टिळकांचंही तसंच. ऑनलाइनवर ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक म्हणजे ‘स्थानिकीकरणाचं उदाहरण’, अर्धं पान. पुण्यात एक अख्खा शनिवार त्यांच्यावर गेला. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेला माणूस वर्गात भजन म्हणून शिकवला तर कसा वाटतो, ते तिथे कळलं. पेटी वाजवायला शेवटच्या बाकावरचा नगरचा मुलगा होता, सूर थोडा वरचा लागला, चालायचंच.

तेव्हा पुढे पीएच.डी. करायची, परदेशी शिकवायचं, किंवा इंग्रजीत लिहायचं मनात असेल तर ऑनलाइन घ्या, मी अडवणार नाही. तुमची संस्था माझ्यासारखी नसेलही. फॉर्म बदललेही असतील. ज्यांना रविवारी इथल्याच बाकांसमोर उभं राहायचंय आणि सोमवारी इथल्याच शेजाऱ्यांना तोंड द्यायचंय, त्यांनी मात्र आधी पुण्याची चौकशी करावी असं मला वाटतं. जमलं तर एखादा ऑनलाइन पेपर नुसता ऐकायला घ्या, मनिला-नैरोबीची संगत त्यासाठी सोडू नये.

दोन्हीकडे पाळकसाहेबांचं शिफारसपत्र लागतं. ते नोव्हेंबरातच घेऊन ठेवा, नाताळच्या तोंडावर ते कुणाच्या हाती लागत नाहीत.