झांबेझीकाठचा रानरेडा : नामिबिया की मोझांबिक?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार थांबली आणि ते योग्यच झालं. हे लिहितोय ते बाहेरच्या देशांत स्थायिक झालेल्या मोजक्या मराठी मंडळींसाठी. तिथल्या कायद्यात राहून ते शिकार करतात आणि आता आफ्रिकेत केप बफेलोसाठी, म्हणजे आपल्या भाषेत रानरेड्यासाठी, जागा ठरवतायत. कोणतं कॅलिबर, कोणती गोळी, नेम कुठं धरायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मला बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीवर : ज्या मुलखात अलीकडेपर्यंत माणसं माणसांवर बंदुका रोखत होती, तिथं आपण बंदूक घेऊन जायचं का, आणि जायचं तर कुठं.

काही नावं मी आधीच खोडली. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात डर्बी एलंड आणि बोंगो हे मोठे हरणवर्गी प्राणी आहेत, पण मार्च २०१३ मध्ये सेलेका बंडखोरांनी राजधानी बांगी ताब्यात घेतल्यानंतर दूरच्या रानांत कुणाचं राज्य चालतं हे त्या त्या महिन्याला विचारावं लागतं. कॅमेरूनच्या उत्तरेला २०१२ च्या सुरुवातीला सुदानकडून घोड्यांवर आलेल्या टोळ्यांनी बूबा न्जिदा उद्यानात शेकडो हत्ती मारले. पुढच्याच वर्षी वाझाजवळून एक फ्रेंच कुटुंब लहान मुलांसकट पळवलं गेलं. बेनिनच्या पेंडजारी उद्यानात मे २०१९ मध्ये दोन फ्रेंच पर्यटकांचं अपहरण झालं आणि त्यांच्या स्थानिक वाटाड्याला ठार मारण्यात आलं. ठिकाण निवडताना मला तो वाटाड्या आठवतो. पाहुणा सुटला तर घरी जातो. माग काढणारे, स्वयंपाकी, ड्रायव्हर ही माणसं तिथंच राहतात आणि आपल्या हौसेपायी ओढवलेला धोकाही त्यांच्याच दारात राहतो. एवढं लक्षात घेतलं की यादी बरीच आखूड होते.

माझ्यापुरत्या दोन जागा उरल्या आणि दोन्ही झांबेझी नदीच्या खोऱ्यातल्या. एक नामिबियाचा ईशान्येकडचा चिंचोळा पट्टा. त्याला पूर्वी कॅप्रिव्ही म्हणत, २०१३ पासून त्यातल्या पूर्वेकडच्या प्रांताचं नाव झांबेझी. दुसरी नदीच्या मुखाजवळची, मोझांबिकमधल्या मारोमेऊभोवतीच्या कुताडा, म्हणजे सरकारनं शिकारीसाठी आखून दिलेली रानं. मी दोन्हीकडे शिकार केली आहे.

नामिबिया म्हणजे शांत देश असं सरसकट सांगितलं जातं, ते या पट्ट्याबद्दल नेहमीच खरं नव्हतं. २ ऑगस्ट १९९९ ला फुटीरवाद्यांनी इथल्या काटिमा मुलिलो या मुख्य गावावर हल्ला केला आणि तिथं आणीबाणी लागली. त्यानंतर अंगोलाचं यादवी युद्ध सीमा ओलांडून आत आलं. जानेवारी २००० मध्ये याच पट्ट्यातल्या महामार्गावर एका फ्रेंच कुटुंबाच्या गाडीवर गोळीबार होऊन तीन मुलं गेली. पुढे बराच काळ बागानी ते कोंगोला हा टप्पा लष्करी पहाऱ्यात, गाड्यांचा तांडा करूनच पार करावा लागे. २००२ मध्ये अंगोलातलं युद्ध संपलं आणि रस्ता मोकळा झाला. आज त्या डांबरी रस्त्यावर काळजी करायची ती रात्री आडव्या येणाऱ्या हत्तींची.

मोझांबिकचं तसं नाही. तिथं शांतता येते, काही वर्षं टिकते आणि पुन्हा कुठंतरी उसवते. १९७७ पासूनचं यादवी युद्ध १९९२ च्या रोम करारानं संपलं. २०१३ मध्ये रेनामो, म्हणजे त्या युद्धातले बंडखोर आणि नंतरचा विरोधी पक्ष, आणि सरकार पुन्हा भिडले, आणि देशाच्या मुख्य महामार्गावर सावे नदी ते मुशुंग्वे या टप्प्यात लष्करी तांडे सुरू झाले. २०१९ मध्ये आणखी एक शांतता करार झाला. पण तोवर उत्तरेत, काबो देल्गादोमध्ये, ऑक्टोबर २०१७ पासून जिहादी बंड पेटलेलं होतं. ते लोण शेजारच्या निआसा राखीव क्षेत्रापर्यंतही गेलं आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सफारी कॅम्पवर हल्ला झाला. निआसाचं रान अफाट आणि देखणं आहे, पण आजच्या घडीला मी तिथं जाणार नाही आणि कुणाला जा म्हणणार नाही. मारोमेऊचा डेल्टा, म्हणजे झांबेझीच्या मुखाचा भाग, तिथून शेकडो किलोमीटर दक्षिणेला आहे, त्यामुळे दोन्हींना एकाच मापानं मोजणं अन्यायाचं होईल. तरीही ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर जी निदर्शनं उसळली ती कुठल्या एका प्रांतापुरती राहिली नाहीत. शहरांत रस्ते अडले, इंटरनेटवर निर्बंध आले आणि दक्षिण आफ्रिकेकडचा रेसानो गार्सियाचा सीमानाका अधूनमधून बंद पडला.

आता शिकार. इथं मोझांबिक सरस आहे, मोकळेपणानं सांगतो. युद्धाच्या काळात सैनिकांच्या पोटासाठी मारोमेऊचे कळप कापले गेले आणि हजारोंचे कळप अगदी थोड्यावर आले. गेल्या तीसेक वर्षांच्या राखणीनंतर आज तिथं पुन्हा वीस हजारांहून जास्त रेडे आहेत. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून २४ सिंह आणून सोडले, इतपत ते रान सावरलं. पपायरसच्या दलदलीत कमरेएवढ्या पाण्यातून, वारा तोंडावर घेत, शेकडोंच्या कळपाजवळ सरकण्याचा अनुभव मला दुसरीकडे कुठं मिळालेला नाही. नामिबियात कळप लहान, झाडी दाट, आणि माग काढता काढता मध्येच कुणाच्या तरी गाई दिसतात. रानाची भव्यता एवढाच तुमचा निकष असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

माझा निर्णय ठरला तो रस्त्यावर.

डेल्टातल्या कॅम्पवर जायची चांगली रीत म्हणजे किनाऱ्यावरच्या बेइरा शहराहून छोटं विमान. ते उडालं नाही तर रस्ता धरावा लागतो आणि रस्ता म्हटला की नाके आले. माझ्या वेळी विमान रद्द झालं. प्रत्येक नाक्यावर रायफलची पेटी खाली उतरवायची, कुलूप काढायचं, बोल्ट बाहेर, नळीवरचा नंबर कागदाशी ताडायचा, काडतुसं मोजायची. कागद पोर्तुगीजमध्ये, माझी पोर्तुगीज नमस्कारापुरती. कागद बघणाऱ्यांपैकी कुणी उद्धट नव्हतं, हेही सांगायला हवं. त्यांच्या देशात बंदुकांनी काय केलंय हे पाहिलं तर त्यांनी बघावंच. मला खुपलं ते दुसरंच. पेटी उघडेपर्यंत भोवती माणसं जमायची : काजू विकणारी पोरं, मोटरसायकलवाले, कुणी नुसतेच उभे. आणि पुढच्या गावापर्यंत आमच्याआधी बातमी पोचायची की या पांढऱ्या गाडीत चांगल्या रायफली आहेत. ज्या देशात यादवीतली हत्यारं अजून सगळी जमा झालेली नाहीत, तिथं चांगली रायफल म्हणजे पैसा, आणि वेळ वाईट असेल तर लढाईचं साधन. त्यात गणवेश दर वेळी निराळा. समोरचा कुठल्या दलाचा, त्याला अधिकार किती, हे परक्या माणसाला कळायला मार्ग नसतो. रानरेड्यासमोर मला भीती वाटते, पण ती ओळखीची भीती आहे, तिला काय करायचं हे शिकलोय. या भीतीला काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

नामिबियात रायफलचा तात्पुरता परवाना देशात शिरतानाच अर्ज भरून मिळाला. त्यानंतर वाटेत गाडी थांबवून तपासली ती पशुवैद्यकीय कुंपणाच्या नाक्यावर. लाळ-खुरकुताची साथ दक्षिणेत जाऊ नये म्हणून तिकडे कच्चं मांस न्यायला मनाई आहे. शिपायानं बर्फाची पेटी उघडून बघितली, रायफलीच्या पेटीकडे नजर टाकली आणि जा म्हणाला. एवढ्या एका नाक्यावरून दोन देशांची तुलना करू नये हे मलाही कळतं. कदाचित तुम्हाला डेल्टात विमान वेळेवर मिळेल आणि एकही नाका लागणार नाही. पण माझ्या मनातला काटा तिथंच एका बाजूला झुकला.

दुसरा मुद्दा जखमेचा. रेडा उलटून अंगावर आला तर माणूस मिनिटांत मरू शकतो, आणि वाचायचा असेल तर काही तासांत शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचावा लागतो. डेल्टातल्या काही कॅम्पांकडे गस्तीसाठी हेलिकॉप्टर आहे, त्यामुळे पहिला टप्पा ते बहुधा नामिबियापेक्षाही लवकर गाठतील. अडचण पुढच्या टप्प्यात येऊ शकते. शहरात गडबड असेल, रस्ते अडले असतील, फोन लागत नसेल, तर विमानतळ ते रुग्णालय हे छोटं अंतरही लांब होतं. शिवाय तुमच्या विम्याचं कलम आधी वाचा. युद्ध, बंड आणि नागरी अशांतता यांतून झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसी वगळतात, आणि आपल्या सरकारनं जाऊ नका म्हटलेल्या भागात गेलात तर दाव्याची खात्री राहत नाही. काटिमा मुलिलोहून राजधानी विंडहुक दूर आहे, अगदी बाराशे किलोमीटर, पण त्या वाटेवर मला कधी राजकारण आडवं आलं नाही.

आणखी एक धोका डेल्टात पायाखाली असतो. चोरटे शिकारी ट्रकच्या पाट्यांपासून दात असलेले लोखंडी सापळे बनवतात. त्यातून सुटलेला, पाय सडलेला रेडा कुणाचीही वाट अडवतो. गस्तीवाले ते सापळे सतत उचलत असतात, तरी गवतात चालताना मागकऱ्याच्या पावलावर पाऊल ठेवून चाला.

नामिबियाची एक खोट सांगितलीच पाहिजे. क्वांडो, लिन्यांती, चोबे या नद्यांच्या पलीकडे बोत्सवाना आहे आणि चोरट्या शिकारीबाबत तिथलं लष्कर फार कडक आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये चोबेवर तीन नामिबियन भाऊ आणि त्यांचा झांबियातला एक नातेवाईक त्यांच्या गोळीबारात मेले. ते मासेमार होते असं त्यांच्या घरच्यांचं म्हणणं. जखमी रेडा नदी ओलांडून गेला तर तो सोडायचा, मागे जायचं नाही. जखमी जनावर सोडणं शिकाऱ्याच्या जिवावर येतं. म्हणून मी नदीपासून आतल्या भागात शिकार करायचा आग्रह धरतो, आणि चांगला प्रोफेशनल हंटर, म्हणजे सोबतचा परवानाधारक शिकारी वाटाड्या, तो मानतो.

आणि मला मनापासून आवडलेली बाजू. १९९६ च्या कायद्यानं नामिबियात गावांनी स्वतःच्या कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे गावानं सांभाळायची वन्यजीव क्षेत्रं, केल्या. सलांबाला ही त्यांतली सुरुवातीची, १९९८ ची. शिकारीचं शुल्क गावाच्या समितीकडे जातं, मांस गावात वाटलं जातं, रानाचे राखणदार गावातलेच असतात. परका माणूस कुठं आहे, कुणाबरोबर आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असतं आणि तो सुखरूप राहण्यात गावाचं हित असतं. डेल्टातही गावांना मांस आणि काम मिळतं, कॅम्पवाले मनापासून करतात. पण तिथं सगळा डोलारा एका कंपनीच्या बळावर उभा आहे असं मला वाटत राहिलं. चूक असेन कदाचित.

तरीही तुमचं मन मारोमेऊच्या दलदलीवर असेल तर जरूर जा. फक्त स्वतःची रायफल नेऊ नका, कॅम्पची भाड्यानं घ्या आणि पहिला दिवस तिच्यावर हात बसवण्यात घालवा. मला परक्या रायफलवर रेड्यासमोर भरवसा ठेवता येत नाही, पण अनेकांना येतो. जातानाचं आणि येतानाचं, दोन्ही विमानं लेखी ठरवून घ्या. निवडणुकीच्या आगेमागे दोन-तीन महिने टाळा. आणि विमान उडालं नाही तर काय, हे आयोजकाला पैसे भरण्याआधी विचारा. रस्त्यानं नेऊ असं सहज उत्तर आलं तर दुसरा आयोजक बघा. बेइरात एक रात्र थांबू, हे मला ऐकायला आवडेल. माझं पुढचं बुकिंग मी मात्र क्वांडोच्या बाजूचं केलंय.