यीस्टची डीएनए कॉपी अडवायची, तर एचयू की एमएमएस?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कॉलेजांत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला यीस्टवर प्रोजेक्ट घेतलं की निवड करावीच लागते: हायड्रॉक्सियुरिया (एचयू) मागवायचं की मिथाइल मिथेनसल्फोनेट (एमएमएस)? दोन्हींमुळे डीएनएची प्रत काढताना पेशी अडखळते. मात्र अडखळण्याचं कारण वेगळं असतं, आणि तुमचा प्रश्न कोणत्या कारणाशी जुळतो त्यावर निवड ठरते. चालू स्थितीतलं फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढून घेणारं कपाट) नसेल तर विषय तिथेच संपतो, एचयूच घ्या. एमएमएस हवेत उडतं, डीएनएवर थेट घाला घालतं आणि कॅन्सरकारक मानलं जातं. उघड्या टेबलावर त्याची बाटली उघडू नये.

एचयू हे रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेझ या एन्झाइमला अडवतं. त्यामुळे डीएनटीपी, म्हणजे डीएनए बांधायच्या विटा, कमी पडतात. साचा (ज्याची प्रत काढायची तो मूळ धागा) शाबूत असतो, माल संपलेला असतो. एमएमएसमध्ये नेमकं उलट घडतं: माल भरपूर, पण साच्यावरच मिथाइल गट चिकटतात. सर्वांत जास्त तयार होतं ते ७-मिथाइलग्वानिन, पण पॉलिमरेझ (डीएनएची प्रत काढणारं एन्झाइम) अडतं ते मुख्यतः ३-मिथाइलअ‍ॅडेनिनपाशी.

पुढची साखळी बरीचशी सामायिक आहे (यातली नावं यीस्टच्या प्रथिनांची आहेत). एकेरी धागा उघडा पडतो, त्यावर आरपीए बसतं, डीडीसी२ला सोबत घेऊन मेक१ तिथे पोचतं आणि रॅड५३ जागं करतं. रॅड५३ तीन कामं करतं: उशिरा सुरू होणारी प्रतीची ठिकाणं रोखून धरतं, डन१ मार्फत एसएमएल१ हटवून डीएनटीपी वाढवतं आणि अडलेले फोर्क (प्रत काढताना धागे उलगडतात त्या जागा) कोसळू देत नाही. फरक मधल्या दुव्यात आहे. एचयूमध्ये मेक१चा निरोप रॅड५३पर्यंत मुख्यतः एमआरसी१ नेतं, डीएनएला इजा झाली की रॅड९ पुढे येतं. एमआरसी१ नसेल तर एचयूमध्येही रॅड९ उशिरा का होईना ते काम उचलतं. म्हणून एकाच वेळेचा नमुना घेऊन निष्कर्ष काढू नका, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांचे घ्या.

तुमचा प्रश्न चेकपॉइंटबद्दल असेल, म्हणजे पेशीला अडथळा कळतो कसा आणि ती थांबते कशी, तर एचयू सरस. परिणाम लवकर दिसतो, आणि धुऊन काढलं की पेशी पुन्हा चालू लागते. प्रश्न इजा ओलांडण्याबद्दल किंवा दुरुस्तीबद्दल असेल, तर एमएमएसला पर्याय नाही. रॅड६-रॅड१८ हे पीसीएनएच्या (पॉलिमरेझला डीएनएवर धरून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या) १६४व्या लायसिनवर युबिक्विटिन (खुणेसारखं लागणारं छोटं प्रथिन) लावतात. एकच लागलं तर चुका करणारी पॉलिमरेझं वाट काढतात, रॅड५, एमएमएस२ आणि यूबीसी१३ यांनी त्याची साखळी वाढवली तर चूक न होणारी वाट उघडते. हे एचयूच्या प्लेटवर नीट दिसणार नाही.

मापं बडिंग यीस्टसाठी (कळी फुटून वाढणाऱ्या, बेकरीच्या यीस्टसाठी) देतो. प्लेटसाठी एचयू २५, ५०, १०० आणि १५० मिलिमोलर अशी चढती मालिका लावा. १०० मिलिमोलरला १०० मिलिलिटर माध्यमात ०.७६ ग्रॅम लागतं, त्यात चार-पाच प्लेटा होतात. म्हणजे ५ ग्रॅमची बाटली साडेसहाशे मिलिलिटरला संपते, मागवताना हा हिशेब धरा. द्रव माध्यमात पेशी एस टप्प्यात (डीएनएची प्रत निघते त्या टप्प्यात) रोखायला २०० मिलिमोलर. तिथेही प्रत पूर्ण थांबत नाही, फक्त फार मंदावते. एमएमएस ०.००५, ०.०१ आणि ०.०२ टक्के लावा. ०.०१ टक्क्याला १०० मिलिलिटरमध्ये फक्त १० मायक्रोलिटर लागतं. पिपेट थोडं जरी चुकीचं असलं तरी सगळा प्रयोग वाकडा जातो, म्हणून आधी पिपेट तपासून घ्या. उरलेलं द्रावण ५ टक्के सोडियम थायोसल्फेटने निष्प्रभ केल्याशिवाय सिंकमध्ये ओतू नका. एचयू हाताळतानाही हातमोजे हवेतच.

दोन्ही रसायनं प्लेटचं वितळलेलं अगर-माध्यम ५०-५५ अंशांवर आल्यावरच घाला. ऑटोक्लेव्हमधून काढल्या काढल्या घातलं तर एचयू मोडतं आणि सगळे स्ट्रेन (यीस्टचे वाण) छान वाढलेले दिसतात. एमएमएस पाण्यात आपोआप मोडत जातं, त्यामुळे प्लेट ओतली त्याच दिवशी वापरा. एचयूची प्लेट फ्रिजमध्ये काही दिवस टिकते. औषध दुकानात एचयूची ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल मिळते, सिकल सेलच्या रुग्णांना ते औषध देतात. तिच्यात इतर पूरक पदार्थ असतात, आणि ते रुग्णांसाठीचं औषध आहे. प्रयोगाला शुद्ध पावडरच घ्या.

स्पॉट टेस्टसाठी (प्लेटवर ठिपके टाकून वाढ पाहण्यासाठी) ओडी (द्रावणाच्या गढूळपणाचं माप) ०.५ची ताजी वाढ घ्या, दहापटीने पातळ करत पाच पायऱ्या करा, प्रत्येकीचे ५ मायक्रोलिटर टाका आणि ३० अंशांवर दोन-तीन दिवस ठेवा. साधी वायपीडी (औषध नसलेल्या नेहमीच्या माध्यमाची) प्लेट सोबत हवीच, कारण मुळातच मंद वाढणारा स्ट्रेन औषधाला संवेदनशील असल्यासारखा भासतो. ग्लिसरॉलच्या प्लेटवर वाढत नसेल तर पेशी ‘पेटीट’ (मायटोकॉन्ड्रिया निकामी झालेली) आहे, ती टाकून द्या. कंट्रोल म्हणून एचयूसाठी एमआरसी१ नसलेला, एमएमएससाठी रॅड५२ नसलेला स्ट्रेन ठेवा. रॅड५३ नसलेला हवा असेल तर त्यात एसएमएल१सुद्धा काढलेलं असलं पाहिजे, नाहीतर पेशी जगतच नाही.

एमएमएस घेणाऱ्यांनी एक गोष्ट स्ट्रेन मागवण्याआधीच विचारावी. डब्ल्यू३०३ या प्रसिद्ध स्ट्रेनच्या मूळ रूपात रॅड५ जनुकात बिघाड आहे, त्यामुळे तो एमएमएसला आधीच हळवा असतो. रॅड५ दुरुस्त केलेला डब्ल्यू३०३ किंवा बीवाय४७४१ घ्या. नाहीतर तुमच्या जनुकाचा परिणाम कोणता आणि रॅड५चा कोणता, हे वेगळं काढता येत नाही.

फ्लो सायटोमीटर (पेशीतलं डीएनए मोजणारं यंत्र) नसला तरी एचयूचं काम अडत नाही. पेशी रोखल्यावर डीएपीआय या डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने रंगवून मोजा: मोठी कळी आणि एकच केंद्रक असलेल्या पेशी बहुसंख्य दिसल्या पाहिजेत. एमएमएसमध्ये पेशी एस टप्प्यातून नुसती सावकाश सरकते, त्यामुळे नुसत्या कळ्या मोजून फारसं हाती लागत नाही. खर्च कमी करायचा असेल तर फिशन यीस्टचा (मधोमध दुभागून वाढणाऱ्या यीस्टचा) विचार करा, तिथे एचयू २ ते १० मिलिमोलरच पुरतं. मात्र रॅड५३च्या जागी तिथे सीडीएस१ असतं, आणि वाचनही त्याप्रमाणे बदलावं लागतं.

आपल्याकडच्या हवेचं म्हणाल तर जुलै-ऑगस्टमध्ये, खानापूरकडे तर विशेष, प्लेटा वाळत नाहीत आणि ठिपके एकमेकांत पसरतात. एचयूच्या प्लेटा दोन दिवस आधी ओतून वाळवता येतात. एमएमएसला ती सवड नाही, तिथे फ्यूम हूडमध्ये झाकण उघडं ठेवून अर्धा तास वाळवाव्या लागतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री वीज जाऊन इनक्युबेटर थंड पडला तर वाढ मागे पडते, मग तास न मोजता साध्या प्लेटवरचा शेवटचा ठिपका नीट दिसेपर्यंत थांबून सगळ्या प्लेटांचे फोटो एकदमच काढा.