२४ ट्रेचा गरम हवेचा ड्रायर : अकरा महिने फळं सुकवल्यानंतर

एप्रिल ते फेब्रुवारी असा हा वापर आहे. जागा सिंधुदुर्ग. सुरुवात आंबापोळी आणि आमसुलांनी झाली, पावसात फणस झाला, गणपतीनंतर केळी. ड्रायर स्थानिक फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेला आहे. तसेच ड्रायर कोल्हापूरपासून वसईपर्यंत थोड्याफार फरकाने सगळीकडे बनतात, त्यामुळे खालचं बरंचसं दुसऱ्या कोणाच्या यंत्रालाही लागू पडेल.

आधी रचना. ३२ इंच बाय १६ इंच, सव्वा इंच खोलीचे २४ ट्रे, बारा-बाराच्या दोन उभ्या रांगांत, म्हणजे एकावर एक बारा मजले. दोन ट्रेमधलं अंतर १०० मिलिमीटर. आतून एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलचा नेहमीचा प्रकार), मध्ये उष्णता अडवायला ७५ मिलिमीटर रॉकवूल. ६ किलोवॅटचे फिन हीटर (नळीवर पत्र्याच्या पाकळ्या असलेले), तीन फेजवर दोन-दोन किलोवॅट. वर खोट्या छतात १ एचपीचा सेंट्रिफ्युगल ब्लोअर (मधून हवा ओढून कडेने फेकणारा पंखा), मोटर बाहेर. हवा छतातून उजव्या भिंतीच्या पोकळीत उतरते, फटींमधून ट्रेंवरून आडवी जाते, डावीकडून पुन्हा वर ओढली जाते. वाफ बाहेर सोडायला एक झडप, ताजी हवा घ्यायला दुसरी.

ड्रायर बघायला येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, "किती डिग्रीपर्यंत जातो?" फळांना ६५ अंशांच्या वर जायची गरज जवळजवळ पडत नाही आणि तेवढं तापमान कोणताही हीटर देतो. विचारायचं ते हे, की बाराच्या बारा मजल्यांवर वारा सारखा लागतो का? पहिल्या दोन महिन्यांत माल जो काही बिघडला, त्यातला बहुतेक या एका गोष्टीने बिघडला.

हिशेब सोपा आहे. दोन ट्रेमधली मोकळी फट ६८ मिलिमीटर, ट्रेची लांबी सुमारे ८०० मिलिमीटर, असे बारा मजले, म्हणजे हवेला जायला सुमारे ०.६५ चौरस मीटर वाट. ट्रेवरून सेकंदाला दीड मीटर वेग हवा असेल तर ताशी ३५०० घनमीटर, म्हणजे दोन हजार सीएफएमच्या (मिनिटाला घनफुटांच्या) आसपास वारा फिरला पाहिजे. ६० अंशांच्या हवेचं वजन धरलं तर सेकंदाला साधारण एक किलो हवा. भर जोरात असताना या भरणीतून ताशी ४ किलो पाणी उडतं, त्याला अडीच ते पावणेतीन किलोवॅट उष्णता लागते. ती देताना हवा ट्रे ओलांडेपर्यंत अडीच अंशांनीच थंड होते. इतका फरक चालतो. पण एखाद्या मजल्यावर वारा चौथ्या हिश्शावर आला, तर तिथली हवा पुढच्या ट्रेपर्यंत पोचायच्या आतच थंड आणि दमट होते, आणि दुसऱ्या रांगेतलं फळ नुसतं कोमट हवेत आंबत पडतं.

आमच्या यंत्रात नेमकं तेच होत होतं. गरम हवा वर जाते म्हणून वरचे ट्रे आधी सुकतील अशी सर्वांची समजूत. प्रत्यक्षात वरचे तीन मजले ओले राहत आणि खालचे करपत. वेगमापक लावला तेव्हा कारण कळलं : खालच्या चार मजल्यांवर सेकंदाला २.२ ते २.६ मीटर, वरच्या तिघांवर ०.३ ते ०.५. छतातून सुसाट वळलेली हवा पोकळीत शिरते तेव्हा वरच्या फटींशी वळायला तयार नसते. ती तळाला जाऊन आपटते, तिथे दाब वाढतो आणि खालूनच आत शिरते. शिवाय ट्रे ज्या ट्रॉलीवर असतात तिच्या चाकांमुळे तळाशी ११० मिलिमीटरची मोकळी पट्टी होती. वाऱ्याला फुकटची वाट मिळाली की तो ट्रेंमधून कशाला जाईल?

दुरुस्ती तीन भागांत केली. वळणावर तीन वाकवलेल्या पट्ट्या बसवल्या. फटींच्या जागी अख्खा छिद्रांचा पत्रा लावला : १ मिलिमीटर एसएस, ६ मिलिमीटरची छिद्रं, दोन केंद्रांतलं अंतर साडेनऊ मिलिमीटर, म्हणजे ३६ टक्के मोकळी जागा. हवेला थोडं अडवलं की पोकळीत सगळीकडे सारखा दाब बसतो, म्हणून हा पत्रा लागतो. छिद्रं याहून जास्त मोकळी ठेवली तर दाब बसत नाही, फार बारीक केली तर ब्लोअर दमतो. तिसरं, ट्रॉलीखाली आणि वर सिलिकॉनच्या पट्ट्या लावून पळवाटा बंद केल्या. त्यानंतर बारा मजल्यांवर १.२ ते १.६ मीटर वेग मिळतो. दर तीन तासांनी दार उघडून ट्रे वरखाली करायचं काम संपलं.

पंख्याबद्दल आणखी एक गोष्ट, जी ड्रायर विकणारे सांगत नाहीत. सेंट्रिफ्युगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूला टाकतो, फक्त खूप कमी. आवाज येतो, दारातून वारा जाणवतो, सगळं ठीक वाटतं आणि माल दुप्पट वेळ घेतो. गावात लाइनचं किंवा ट्रान्सफॉर्मरचं काम झालं की कधी कधी फेजचा क्रम बदलून येतो. पॅनलमध्ये फेज सिक्वेन्स रिले (क्रम चुकला तर मोटर सुरू होऊ न देणारा) बसवून घ्यावा, एखादी फेज गेली तरी तोच मोटर वाचवतो. ब्लोअरवर फिरण्याच्या दिशेचा बाण रंगवलेला असावा.

तापमान मोजणारा पीटी-१०० सेन्सर हीटरच्या लगेच पुढे बसवून दिला होता. पडद्यावर ६० दिसायचं, ट्रेपाशी ५३. तो उजव्या भिंतीच्या छिद्रांच्या पत्र्यापुढे, मधल्या उंचीवर आणला. परतीच्या, म्हणजे डाव्या बाजूला दुसरा साधा थर्मामीटर आणि त्याच्या शेजारी ओल्या सुती वातीचा तिसरा ठेवला. हा ओल्या वातीचा थर्मामीटर म्हणजे या यंत्रातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग. कोरडा ५५ आणि ओला ३८ दाखवत असेल तर परतीच्या हवेतली आर्द्रता सुमारे ३५ टक्के. सुरुवातीच्या तासांत एवढी असावी. ओला ३३ च्या खाली उतरला की आर्द्रता २२ टक्क्यांवर आलेली असते, म्हणजे आपण तापवलेली हवा कोरडीच बाहेर फेकतो आहोत. मग वाफेची झडप अर्धी, पुढे पाव करत जायची. वातीचं पाणी संपू देऊ नका, नाहीतर दोन्ही थर्मामीटर एकच आकडा दाखवतील.

झडप पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण उघडी ठेवायची सवय महागात पडते. सोललेल्या केळ्यांचे ३८ किलो काप भरले की त्यातून २६ किलो पाणी काढायचं असतं. झडप उघडी आणि वारा असमान असताना त्याला १६ तास आणि ५२ युनिट लागत होते. दुरुस्तीनंतर झडप वेळोवेळी ओढून साडेअकरा तास आणि ३६ युनिट. किलोभर पाण्यामागे दोन युनिटांवरून १.४ वर आलो. नुसतं पाणी उडवायलाच किलोमागे ०.६५ युनिट लागतात, तेव्हा साध्या ट्रे ड्रायरमध्ये एक युनिटाखाली जाण्याची आशा कोणी दाखवली तर विश्वास ठेवू नका.

पावसाळ्यात चालतो का, हे बरेच जण विचारतात. चालतो. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली तरी तीच हवा ६० अंशांवर नेली की तिची आर्द्रता १६ टक्क्यांवर येते. मे महिन्यातल्या ३२ अंश आणि ७० टक्क्यांच्या हवेचंही जवळपास तेच होतं. अडचण आहे ती माल बाहेर काढल्यावर. हीटर बंद करून २० मिनिटं नुसता पंखा चालवायचा आणि लगेच डब्यात भरायचं. तासभर पंख्यावर सोडलं तर फळ ओल परत पिऊन चिकट होतं.

आता फळागणिक. आंबापोळीला छिद्रांचे ट्रे उपयोगाचे नाहीत, सपाट लागतात. साखर घालून २५ ब्रिक्सला (गोडीचं माप, सुमारे २५ टक्के साखर) आणलेला रस ट्रेला दोन किलो, म्हणजे सहा मिलिमीटरचा थर. खाली तुपाचा हात फिरवायचा. ड्रायर स्पिरिट लेव्हल लावून सरळ बसवलेला नसेल तर रस एका कोपऱ्यात जमतो. तिथे ओला गोळा आणि समोरच्या कोपऱ्यात पापड. पहिले तीन तास ६५ अंश चालतात, कारण वरून पाणी उडत असतं तोवर रस स्वतः तेवढा तापत नाही. साय धरल्यासारखी झाली की ५८. ६५ वरच पुढे रेटलं तर रंग तपकिरी होतो. दुसरा थर पहिला बोटाला चिकटेनासा झाल्यावरच ओतावा, घाई केली की पुढे थर सुटतात.

कापा फणसाच्या गऱ्यांना उलट वागवावं लागतं. ७० अंशांवर सुरुवात केली की वरची कातडी कडक होते, आत पाणी अडकतं, आणि वरून खणखणीत वाटणारा माल तीन आठवड्यांत आतून बुरशी धरतो. गरे लांबीत चार भाग करून, ५५ ते ५८ अंशांवर, पहिले दोन तास झडप पाव उघडी. जाडी हा फार मोठा भाग आहे : सुकायचा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणून ५ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरचा काप दुप्पट नाही, चौपटीच्या आसपास वेळ घेतो. राजेळी केळ्याची अख्खी सुकेळी करायची तर सलग ड्रायर चालवणं म्हणजे वीज जाळणं. आठ तास सुकवून रात्रभर झाकून ठेवायची, आतलं पाणी बाहेर येतं, मग पुन्हा आठ तास. असं चार-पाच दिवस.

सुकलं कधी हे हाताला कळतं म्हणतात, पण गरम फळ नेहमी मऊ लागतं आणि अंदाज चुकतो. वजन करा. केळ्याच्या कापांत ७४ टक्के पाणी धरलं तर १६०० ग्रॅमच्या ट्रेमध्ये सुकं द्रव्य ४१६ ग्रॅम. १८ टक्के ओलावा ठेवायचा असेल तर ४१६ भागिले ०.८२, म्हणजे ट्रेमधला माल ५०७ ग्रॅमवर आला की थांबायचं. मधल्या मजल्यावरचा एकच ट्रे दर दोन तासांनी वजन करायला पुरे. त्यानंतर माल बंद पिंपात पाच-सहा दिवस, रोज एकदा हलवून. झाकणाला आतून दव आलं तर परत तीन तास ड्रायरमध्ये.

आमसुलांनी यंत्राचा सर्वांत जास्त छळ केला. कोकमाचा हंगाम संपता संपता पाऊस येतो आणि उघड्यावर सुकवलेला माल वाया जातो, म्हणून ड्रायरचं खरं मोल इथेच. ५५ अंशांवर सालं सुंदर सुकतात, रंग उन्हातल्यापेक्षा गडद राहतो. पण सालं मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून सुकवायची असतात, आणि तो रस छिद्रांतून खालच्या ट्रेवर, तिथून जमिनीवर गळतो. तळाला उतार आणि पाणी काढायचं भोक बनवतानाच मागून घ्यायला हवं होतं. आम्हाला ते नंतर कापावं लागलं. बुडवल्यावर सालं चाळणीत तासभर निथळू द्यावीत. ॲल्युमिनियमचे ट्रे कोकमाला वापरूच नयेत, आंबटपणा त्यांना खातो. ट्रेवर खाद्यपदार्थांना चालणारी जाळी अंथरली की सालं चिकटत नाहीत.

विजेच्या बाजूने तीन गोष्टींवर तडजोड करू नका. हीटर चालू-बंद करणारा एसएसआर (इलेक्ट्रॉनिक स्विच) बिघडतो तेव्हा बहुधा चालूच अडकतो, त्यामुळे ८५ अंशांवर तोडणारा, हाताने परत लावावा लागणारा वेगळा थर्मोस्टॅट कॉन्टॅक्टरवर (हीटरची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचवर) हवा. पंखा बंद असताना हीटर लागूच नये अशी जोडणीही हवी; आमच्या पॅनलमध्ये ती नव्हती, नंतर वायरमनकडून करून घेतली. आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच. पावसात दोन-तीन आठवडे ड्रायर बंद राहिला की सुरू करतानाच आरसीसीबी पडतो. हीटरच्या नळीतली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी हवेतली ओल ओढते, त्यामुळे गळती होते. आरसीसीबी काढून टाकायचा नाही. हीटरची टोकं उघडून, बाहेरून गरम हवेने सुकवून, मेगरने (गळती मोजणाऱ्या यंत्राने) तपासून मग सुरू करायचं. वापर नसला तरी आठवड्याला तासभर ड्रायर तापवला तर ही वेळ येत नाही.

दाराचं रबर दर महिन्याला तपासतो : पंखा चालू ठेवून कडेने उदबत्ती फिरवायची, धूर जिथे आत ओढला जातो किंवा फुंकला जातो तिथे फट. बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यात ती डिसेंबरातच पडली होती, बिजागरी सरकवून बसवली.

अकरा महिन्यांनंतर न सुटलेली तक्रार एकच. आमसुलांचे आठ ट्रे कोपऱ्यातल्या वेल्डिंगपाशी टोचल्यासारखे खड्डे धरू लागलेत. मीठ आणि आंबट यांच्यापुढे ३०४ टिकत नाही. या मेपूर्वी तेवढे आठ ट्रे ३१६ मध्ये (मिठापुढे जास्त टिकणारं स्टेनलेस स्टील), कोपरे वेल्ड न करता दुमडून, बनवून घ्यायचे आहेत. तोवर प्रत्येक भरणीनंतर ते लगेच गोड्या पाण्याने धुऊन कोरडे पुसून उभे ठेवतो.