बेन सर्किट की सर्कल सिस्टीम?
भूल देताना पेशंटला मशीनशी जोडणाऱ्या नळ्यांच्या या दोन रचना. दोन्हींचं काम एकच, ऑक्सिजन आणि भुलीचा गॅस आत पोचवायचा नि कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा. फरक आहे तो कसा काढायचा यात.

बेनमध्ये नळीत नळी असते, आतल्या बारीक नळीतून ताजा गॅस पेशंटकडे येतो आणि सोडलेला श्वास बाहेरच्या जाड नळीतून परत जातो, व्हॉल्व्ह जवळजवळ नाहीतच, त्यामुळे हलकं आणि श्वास घ्यायला सोपं. पण जुना श्वास ढकलायला फक्त ताज्या गॅसचा फ्लोच (प्रवाह) आहे ना! पेशंट स्वतः श्वास घेत असेल तर किलोमागे मिनिटाला १५० ते २०० मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९ ते १२ लिटर. बॅग दाबून श्वास देत असाल तर साधारण ७० मिलीवर भागतं.

सर्कलमध्ये सोडा लाइम (डब्यात भरलेले चुन्यासारखे दाणे) कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि बाकीचा गॅस पुन्हा फिरतो, म्हणून १ लिटरच्या आत फ्लो ठेवूनही चालतं. शिवाय त्या रिअॅक्शनमधून उष्णता आणि पाणी तयार होतं, डबा हाताला कोमट लागतो, गॅस ओलसर राहतो. हे मला फार आवडतं. मात्र जोड जास्त, एकतर्फी व्हॉल्व्ह अडकला की जुनाच श्वास परत आत. दाणे जांभळे झाले की बदला, पण रंगावर एकट्यावर विसंबू नका, कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) बघाच.

बेनची आतली नळी निसटली तर अख्खी बाहेरची नळी डेड स्पेस होते, म्हणजे सोडलेला श्वासच परत आत जातो, म्हणून प्रत्येक केसआधी ती तपासाच. मोठ्या ऑपरेशनला मी सर्कलच घेईन.